हात कोण उचलतं? कॅटाटोनिया आणि मेंदूचा ललाटखंड



गेल्या वेळी संकल्प आणि कृती यांविषयी बोलताना आम्ही विट्गेनस्टाइनचा एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवला होता, आणि वेळ संपल्यामुळे तो तसाच लोंबकळत राहिला. आपण हात उचलतो आणि आपला हात नुसता उचलला जातो, या दोहोंत फरक नेमका कशाचा? बऱ्याच श्रोत्यांनी उत्तरं कळवली. कुणी 'इच्छा' म्हटलं, कुणी 'आत्मा'. एका श्रोत्याने 'स्नायू' असं एकाच शब्दात उत्तर दिलं; ते आम्हांला आवडलं, बरोबर नसलं तरी. आज त्याच प्रश्नाकडे आपण एका आजाराच्या वाटेने जाणार आहोत. आजाराचं नाव कॅटाटोनिया. त्याचा मेंदूच्या पुढच्या भागाशी, म्हणजे कपाळामागच्या ललाटखंडाशी काय संबंध आहे, हा आजचा विषय.

आधीच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही. आमची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली. घरात कुणाला ताप आला तर तिचा काडीचाही उपयोग होत नाही, हे आमच्या घरच्यांना चांगलं ठाऊक आहे. मग या विषयात आम्ही का शिरलो? त्याला कारण झाला एक विद्यार्थी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा एम.ए.च्या वर्गाला शिकवत होतो. तोंडी परीक्षा चालू होती. एक मुलगा आत येऊन खुर्चीवर बसला. हुशार मुलगा, वर्गात आम्हांला अडवून प्रश्न विचारणारा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला कांटवर एक साधा प्रश्न विचारला. मुलगा त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. "अरे, ऐकू येतंय ना?" उत्तर नाही. मान हलवणं नाही. पाच-सात मिनिटं अशी गेली. परीक्षकांना तो अपमान वाटला. आणि आम्हांला, खरं सांगायचं तर, राग आला. आपल्याच विद्यार्थ्याने आपलं नाक कापलं असं वाटलं. "ऊठ, जा," म्हटल्यावर मात्र तो लगेच उठला आणि गेला. म्हणजे ऐकू येत होतं, मुद्दामच बोलला नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला. गुणांच्या रकान्यात शून्य लिहिलं.

दोन दिवसांनी होस्टेलमधला त्याचा जोडीदार धावत आला. "सर, तो सकाळपासून नळापाशी उभा आहे. ब्रश हातात आहे, हात तोंडाशी आहे, पण दात घासत नाही." आम्ही गेलो. खरोखरच तसा उभा होता. पेस्ट वाळून गेली होती. आम्ही त्याचा हात धरून खाली घ्यायला लागलो, तर तो मऊ मेणासारखा थोडासा विरोध करत खाली आला आणि जिथे आम्ही सोडला तिथेच थांबला. अधांतरी. ना वर, ना खाली. गेल्या आठवड्यात आम्ही तुम्हांला जो प्रश्न गमतीने विचारला, तो त्या दिवशी नळापाशी असा समोर उभा होता, आणि त्यात गंमत काही नव्हती.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगूच. आधी थोडा इतिहास.

या अवस्थेला नाव दिलं ते कार्ल कालबाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने, १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकात. ग्योर्लित्स या गावी त्याचं रुग्णालय होतं. तिथल्या रुग्णांकडे त्याने वर्षानुवर्षं बारकाईने पाहिलं आणि नाव निवडताना 'ताण' या अर्थाचा शब्द निवडला. पुस्तकाच्या शीर्षकातच त्याने या आजाराला 'ताणाचं वेड' असा पर्याय दिलेला आहे. हा शब्द लक्षात ठेवा. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो निश्चळपणा, आपल्याला वाटतं की माणूस ढेपाळलाय, विझलाय. कालबाउमला त्या निश्चळपणात ताण दिसला. ताणलेल्या दोरीची निश्चळता वेगळी आणि जमिनीवर पडलेल्या दोरीची वेगळी. आजच्या सगळ्या व्याख्यानात आम्हांला जे म्हणायचंय ते बहुतेक या दोन दोऱ्यांतच आहे.

पुढे क्रेपेलिनने कॅटाटोनियाला एका मोठ्या आजाराच्या पोटात घातलं, त्या मोठ्या आजाराला ब्लॉयलरने स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं, आणि मग जवळजवळ पाऊण शतक 'कॅटाटोनिया म्हणजे स्किझोफ्रेनियाचा एक प्रकार' असंच शिकवलं गेलं. १९७६ मध्ये एब्रम्स आणि टेलर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी अशी लक्षणं असणारे ५५ रुग्ण तपासले, तर स्किझोफ्रेनियाच्या कसोटीला त्यांतले फक्त चार उतरले. दोन तृतीयांशांहून जास्त रुग्णांना मनःस्थितीचे, म्हणजे उन्माद किंवा नैराश्य या जातीचे आजार होते. तरी पाठ्यपुस्तकं बदलायला आणखी तीस-पस्तीस वर्षं लागली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या सूचीत कॅटाटोनिया स्किझोफ्रेनियाच्या पोटातून बाहेर निघाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. एखाद्या गोष्टीला चुकीच्या खणात ठेवलं की ती किती काळ सापडत नाही, याचं हे उदाहरण आहे. आम्ही तत्त्वज्ञानवाले वर्गीकरणावरून फार भांडतो अशी आमच्यावर टीका होते. पण इथे वर्गीकरण चुकल्यामुळे माणसांना चुकीची औषधं मिळाली, हेही बघा.

आता लक्षणं. त्या २०१३ च्या सूचीत बारा लक्षणं आहेत, त्यांतली तीन असली तर कॅटाटोनिया म्हणायचं. सगळी यादी आम्ही वाचत बसत नाही. काही लक्षणं तुम्हांला सहज सुचतील. माणूस बोलत नाही, हलत नाही, एका जागी एखाद्या चमत्कारिक स्थितीत बसून राहतो, हातपाय वळवले तर मेणासारखे वळतात. पण काही लक्षणं अशी आहेत की ती या चित्रात बसतच नाहीत, आणि आम्हांला तीच जास्त बोलकी वाटतात.

उदाहरणार्थ, डॉक्टर रुग्णाशी बोलता बोलता मुद्दाम आपलं डोकं खाजवतो. रुग्णही खाजवतो. डॉक्टर म्हणतो, "नाव काय?" रुग्ण म्हणतो, "नाव काय?" ही अनुकृती झाली, कृतीची आणि शब्दांची. दुसरी एक तपासणी अशी: डॉक्टर रुग्णाला बजावतो की मी हात लावला तरी तुम्ही हात वर करायचा नाही. मग बोटाच्या टोकाने दंडाला खालून नुसता स्पर्श करतो. हात वर जातो, टेबलावरच्या वळणाऱ्या दिव्याची मान जाते तसा. तिसरी तपासणी जरा क्रूर वाटेल. "जीभ बाहेर काढा, मला तिला टाचणी टोचायची आहे," असं डॉक्टर म्हणतो. टोचत अर्थातच नाही. पण रुग्ण जीभ बाहेर काढतो! आणि याच्या अगदी उलट, काही रुग्ण सांगाल त्याला विरोध करतात: हात ओढला तर तितक्याच जोराने मागे घेतात, तोंड उघडा म्हटलं की घट्ट मिटतात. कधी कधी एकच रुग्ण सकाळी असा आणि संध्याकाळी तसा. काहींच्यात तर निश्चळपणा नाहीच, उलट दिशाहीन प्रचंड खळबळ असते.

आता आमच्या त्या परीक्षेच्या खोलीत परत या. प्रश्नाला उत्तर नाही, पण "ऊठ, जा," म्हटल्यावर यंत्रासारखं उठून जाणं. आम्ही ज्याला उद्धटपणाचा पुरावा समजलो, ते बहुधा लक्षणच होतं.

आज्ञापालन, अनुकरण, विरोध, गोठणं. वरवर या चार वेगळ्या गोष्टी दिसतात. त्यांना एका सूत्रात ओवायचं तर ललाटखंडाकडे जावं लागतं.

ललाटखंड म्हणजे कपाळापासून साधारण डोक्याच्या मध्यापर्यंतचा मेंदूचा भाग. माणसात तो मेंदूच्या बाह्यकाचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा व्यापतो. त्याच्या सगळ्यांत मागच्या पट्टीतून स्नायूंना हुकूम जातात. तिच्या पुढे हालचालींची जुळणी करणारा भाग आहे. दोन्ही गोलार्धांच्या आतल्या, समोरासमोरच्या भिंतींवर दोन महत्त्वाचे प्रदेश आहेत. एक 'पूरक चालक क्षेत्र': आतून सुरू होणाऱ्या हालचालींच्या तयारीत त्याचा मोठा वाटा असतो. दुसरा 'अग्र सिंग्युलेट': कृतीला जोर, कारण, निकड पुरवणारा, असं ढोबळ मानाने म्हणू. आणि डोळ्यांच्या खोबणीवर टेकलेला जो तळचा भाग आहे, त्याचं भावनांशी आणि आवरण्याशी जवळचं नातं आहे. हे सगळे भाग एकटे काम करत नाहीत. ललाटखंडातून मेंदूच्या खोल गाभ्यातल्या केंद्रांकडे, तिथून थॅलॅमसकडे आणि थॅलॅमसमधून पुन्हा ललाटखंडाकडे अशी वर्तुळं फिरत असतात. १९८६ साली अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी पाच वर्तुळं मांडली. वर्तुळ म्हटलं की एक गोष्ट ओघानेच येते: ते कुठेही तुटलं तरी परिणाम सारखा दिसू शकतो.

ललाटखंडाला इजा झालेले रुग्ण कसे वागतात, याची सर्वांत सुंदर निरीक्षणं रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया याची आहेत. त्याची एक साधी चाचणी घरी करून बघण्यासारखी आहे. मी मूठ दाखवली की तुम्ही बोट दाखवायचं, मी बोट दाखवलं की तुम्ही मूठ. ललाटखंडाला मोठी इजा असलेला माणूस हा नियम तोंडाने बरोबर म्हणून दाखवतो, आणि तुम्ही मूठ दाखवली की स्वतःही मूठच दाखवतो. नियम कळतो, पण हातापर्यंत पोचत नाही. समोर जे दिसतं ते जिंकतं.

फ्रान्समध्ये लेर्मिट नावाच्या मेंदूतज्ज्ञाने ऐंशीच्या दशकात हीच गोष्ट आणखी पुढे नेली. तो अशा रुग्णांसमोर वस्तू ठेवायचा, काही न सांगता. पेला आणि पाण्याचं भांडं ठेवलं की रुग्ण पाणी ओतून प्यायचा. चष्मा ठेवला की घालायचा. आधीच चष्मा डोळ्यांवर असताना दुसरा ठेवला, तर तो त्याच्यावर घालायचा! डॉक्टरांच्या हावभावांची नक्कलही हे रुग्ण करायचे. लेर्मिटचं म्हणणं असं की ललाटखंड शाबूत असतो तेव्हा तो आपल्याला भोवतालापासून थोडं अंतर देतो. ते अंतर गेलं की माणूस भोवतालाच्या ताब्यात जातो.

आता कॅटाटोनियाची ती चार लक्षणं पुन्हा आठवा. डोकं खाजवलं की खाजवणं, स्पर्श झाला की हात उचलणं, सांगितलं की जीभ काढणं, ही भोवतालाची सत्ता झाली. घातलेल्या स्थितीत हात तसाच राहणं म्हणजे 'आता हे थांबव' असा आतून येणारा हुकूम न मिळणं. आणि प्रत्येक गोष्टीला आंधळा विरोध हेही स्वातंत्र्य नव्हेच. चक्क उलटं करणारा माणूसही समोरच्यालाच बांधलेला असतो. म्हणून टेलरसारखे डॉक्टर कॅटाटोनियाकडे ललाटखंड आणि त्याच्या वर्तुळांचा विकार म्हणून बघू लागले.

पण इथे थांबून एक सावधगिरी. 'कॅटाटोनिया म्हणजे ललाटखंडाला झालेली इजा' असं समीकरण आम्ही मांडत नाही, कुणी मांडलं तर विश्वास ठेवू नका. काही रुग्णांत तशी इजा खरोखर सापडते: ललाटखंडातली गाठ, आतल्या भिंतीचा रक्तपुरवठा बंद पडून आलेला झटका, मेंदूज्वर, ललाटखंड झिजवणारा स्मृतिभ्रंश. पण बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूच्या चित्रात भोक, गाठ, डाग असं काही दिसत नाही. घरातला दिवा लागत नाही म्हणजे बल्ब फुटलाच असं नसतं. फ्यूज असेल, दाब कमी-जास्त असेल. तिथे बिघाड वर्तुळाच्या चालण्यात आहे, रचनेत नाही.

आणि चालण्यातला बिघाड कसला? आपली सहज समजूत अशी की माणूस हलत नाही, म्हणजे हालचालीचं केंद्र थंड पडलं असणार. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे सेबास्टियन वाल्टर आणि त्यांच्या गटाने कॅटाटोनियाच्या रुग्णांचा मेंदू निवांत अवस्थेत तपासला, तर त्या पूरक चालक क्षेत्रात रक्तप्रवाह वाढलेला आढळला. केंद्र तापलेलं होतं! अर्थात ही गटाची सरासरी आहे, एकट्या माणसाचं चित्र काढून निदान करता येत नाही. तरीही कालबाउमची ताणलेली दोरी इथे आठवल्याशिवाय राहत नाही. गाडी उभी आहे, पण इंजिन घुमतंय आणि ब्रेकवर पाय आहे.

आता आम्ही आमच्या घरच्या अंगणात येतो. आपल्याकडे नैयायिकांनी कृतीची एक साखळी सांगितलेली आहे. आधी ज्ञान, मग इच्छा, इच्छेतून प्रयत्न आणि प्रयत्नातून शरीराची चेष्टा, म्हणजे हालचाल. 'प्रयत्न' ही कडी वेगळी मानणं ही त्यांची मोठी सूक्ष्मदृष्टी आहे. इच्छा झाली की हालचाल झालीच असं ते मानत नाहीत. आम्ही तीस वर्षं हे वर्गात शिकवलं, परीक्षेत चार गुणांची टीप म्हणून विचारलंही. ही साखळी खरोखर वेगवेगळ्या जागी तुटू शकते हे आम्हांला ठाऊक नव्हतं. तीन प्रकारची न हलणारी माणसं घ्या.

पहिला, पार्किन्सनचा रुग्ण. त्याला उठायचंय, तो प्रयत्न करतोय, शरीर साथ देत नाही. आणि हे त्याला पक्कं कळतं, तो तक्रार करतो, "पाय उचलत नाही हो." साखळी शेवटच्या कडीशी अडलेली आहे.

दुसरा रुग्ण न बोलणारा आणि न हलणारा, पण जागा. अशा अवस्थेचं वर्णन इंग्लंडमधल्या केर्न्सने १९४१ मध्ये केलं. आपण त्याला 'निश्चेष्ट मौन' म्हणू. दोन्ही बाजूंच्या अग्र सिंग्युलेटला आणि आसपासच्या भागाला इजा झाली तर ते येऊ शकतं. दामासिओ यांनी आपल्या 'देकार्तची चूक' या १९९४ च्या पुस्तकात अशा एका बाईंची हकिगत दिली आहे. झटक्यानंतर त्या पडून असायच्या, डोळे उघडे, चेहऱ्यावर ना दुःख ना भीती. काही महिन्यांनी बोलू लागल्या. तेव्हा तुम्ही का बोलत नव्हता, त्रास होत होता का, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की बोलण्यासारखं काही नव्हतंच. मनात काही येत नव्हतं. कोंडल्यासारखं वाटलं नाही, कारण बाहेर पडायचंच नव्हतं. ही जमिनीवर पडलेली दोरी. साखळी इच्छेपाशीच तुटलेली.

तिसरा कॅटाटोनियाचा रुग्ण. तोही दिसायला हुबेहूब दुसऱ्यासारखा. पण बरा झाल्यावर बोलतो तेव्हा गोष्ट निराळीच निघते. जर्मनीत गेऑर्ग नॉर्थॉफ यांनी अशा बऱ्या झालेल्या रुग्णांना विचारलं. आम्हांला या गृहस्थांचं कौतुक अशासाठी की ते मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि तत्त्वज्ञानातलेही डॉक्टर आहेत, दोन्ही घरचे पाहुणे. त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांनी जबरदस्त, आवरता न येणाऱ्या भावनांचं वर्णन केलं, बहुतेकदा भीतीचं. आणि आश्चर्य म्हणजे आपल्या शरीराची स्थिती चमत्कारिक आहे, आपण हलत नाही आहोत, याची जाणीव त्यांना नव्हती. पार्किन्सनच्या रुग्णाच्या बरोबर उलट. नॉर्थॉफ यांनी यावरून २००२ साली असा तर्क मांडला की बिघाड वरून खाली येतो: ललाटखंडाच्या तळच्या, भावनांशी निगडित भागातला गोंधळ हालचालींच्या वर्तुळांना जखडून टाकतो. तो सर्वांना मान्य आहे असं नाही. आमचं मत विचाराल तर सगळी लक्षणं त्यात बसत नाहीत. अनुकृती त्यात कशी बसवायची ते आम्हांला अजून नीट उमगलेलं नाही. पण भीती आणि गोठणं यांचं नातं त्याने जोडलं, ते खरं वाटतं.

खरं का वाटतं? तर आमचा तो विद्यार्थी. त्याला आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. खरं तर आधी त्याच्या गावाकडचे नातेवाईक बाहेरचं काही झालं असेल म्हणून भगताकडे न्यायला निघाले होते, त्यात एक दिवस गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि लोराझेपॅमचं इंजेक्शन दिलं. आम्ही नाव ऐकून चकित झालो, कारण हे झोपेचं, चिंता कमी करणारं औषध! आधीच दगड झालेल्या मुलाला झोपेचं औषध? आम्ही बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासाने आतून आवाज आला. मुलगा पाणी मागत होता.

संध्याकाळी तो आमच्याशी बोलला. परीक्षकांचा प्रश्न त्याला शब्दशः आठवत होता. उत्तरही ठाऊक होतं, त्याने ते आम्हांला तिथे खाटेवर बसून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. "सर, मला वाटत होतं मी बोललो तर काहीतरी भयंकर होईल. तुम्हां सगळ्यांना." आम्ही विचारलं, "आणि नळापाशी? हात तसाच वर धरून दुखला नाही का?" त्याने आमच्याकडे बघितलं. "हात? कुठला हात?"

मित्रहो, प्रश्न, उत्तर, भीती हे सगळं आत जागं होतं, फक्त हात त्याचा उरला नव्हता.

हे औषध काम कसं करतं? मेंदूत गाबा नावाचा एक रासायनिक दूत आहे, त्याचं काम आवर घालण्याचं. लोराझेपॅम त्याचा प्रभाव वाढवतं. आपण वर म्हटलेल्या गाडीत घुमणाऱ्या इंजिनाला शांत केलं की ब्रेकही सुटतो, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. चित्रच आहे, सिद्धान्त नव्हे. नॉर्थॉफ यांच्याच गटाला काही रुग्णांच्या बाह्यकात गाबाच्या ग्राहकांची बांधणी कमी झालेली आढळली होती. आणि ही युक्तीही तशी जुनी. १९३० साली अमेरिकेत ब्लेकवेन नावाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं गप्प असणाऱ्या रुग्णांना झोपेचंच दुसरं एक औषध शिरेतून दिलं, आणि ते काही काळ उठून बोलले, जेवले. आज एक-दोन मिलिग्रॅम लोराझेपॅम देऊन काय होतं ते बघणं हा तपासणीचाच भाग मानला जातो. सर्वांना गुण येतो असं नाही, पण बहुसंख्यांना येतो, काहींना तर काही मिनिटांतच. उलट मनोविकारांत नेहमी दिली जाणारी काही औषधं, डोपामाइन हा दूत अडवणारी, कॅटाटोनिया वाढवू शकतात. मघाशी चुकीच्या खणाबद्दल बोललो ते यासाठी.

हे सगळं तातडीचं का, तेही सांगतो. न हलणारा, न खाणारा माणूस काही दिवसांत पाण्याविना सुकतो, त्याच्या पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. काही रुग्णांना तीव्र ताप येतो, नाडी आणि रक्तदाब वरखाली होऊ लागतात. १९३४ मध्ये श्टाउडरने याला 'प्राणघातक कॅटाटोनिया' म्हटलं होतं. आणि मूळ कारणही शोधावं लागतं. २००७ साली दालमाउ आणि सहकाऱ्यांनी एक आजार वर्णन केला, त्यात शरीर स्वतःच्याच मेंदूतल्या एका ग्राहकाविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं. विशेषतः तरुण मुली, कधी कधी अंडाशयातल्या गाठीमुळे. आधी भ्रम, भास, मग कॅटाटोनिया. कालपर्यंत अशा किती मुलींना 'वेड लागलं' म्हणून कोपऱ्यात बसवलं गेलं असेल, याचा हिशेब कुणाकडे नाही. गाठ काढली, योग्य उपचार केले तर त्यांतल्या पुष्कळ जणी बऱ्या होतात.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊन थांबतो.

एका ताईंनी विचारलंय, "समाधी आणि कॅटाटोनिया एकच का?" नाही. बाहेरून साम्य दिसेल, पण समाधीत बसणारा स्वतः बसतो, आणि परंपरेच्या सांगण्यानुसार स्वतः उठतो. योगशास्त्र त्याच्या आधी यम-नियमांपासूनची मोठी तयारी सांगतं. ज्याला उठताच येत नाही, ज्याला आपण कसे बसलो आहोत तेच ठाऊक नाही, आणि जो आतून भयाने भरलेला आहे, त्याच्या पाया पडून आपण त्याचा फार मोठा अपराध करतो. त्याला दवाखान्यात न्यायचं.

दुसरी चिठ्ठी: "लोराझेपॅमने गुण आला नाही तर शॉक देतात म्हणे. ते अमानुष नाही का?" विजेचे उपचार या आजारावर अत्यंत गुणकारी आहेत, आणि ताप येणाऱ्या प्रकारात तर जीव वाचवणारे. झटके आणून उपचार करण्याची सुरुवातच मुळी १९३४ मध्ये बुडापेस्टला मेदुनाने कॅटाटोनियाच्या रुग्णावर केली, कापराचं इंजेक्शन देऊन. वीज १९३८ ला रोममध्ये आली. सिनेमात दाखवतात तसं शुद्धीत असलेल्या माणसाला धरून शॉक देणं आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलं आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय हे उपचार करता येत नाहीत, आणि अल्पवयीनांसाठी पालकांची संमती व मंडळाची आधी परवानगी लागते. तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं तर घाबरून रुग्णाला घरी आणू नका, प्रश्न विचारा.

आणि हो, एका श्रोत्याने शून्याचं काय झालं असं आत्ताच विचारलंय. ते बदलायला अर्ज, वैद्यकीय दाखला आणि चार खेपा लागल्या. तोंडी परीक्षा पुन्हा झाली. प्रश्न कांटवरचाच विचारायचा असा आग्रह त्या मुलाचा होता.

पुढच्या वेळी आपण नैयायिकांच्या 'प्रयत्न' या कल्पनेकडे सविस्तर येऊ. नमस्कार.